प्लेगचा दगड आणि गुरुवारची बस

सिरिल पेन्फोल्ड दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि त्याची पाठ वळताच एनिडने माळ्याला हाक मारली. शेडच्या मागचं दगडी बेसिन एकदाचं घराबाहेर काढायचं होतं. हे घर घेतलं तेव्हा ते स्वयंपाकघरात होतं. पुढे स्टीलचं आलं आणि दगडी बेसिन शेडमागे गेलं. तिथे त्याच्यावर पुदिना माजला, पुदिन्यात गोगलगाई माजल्या आणि आता त्या गोगलगाई एनिडच्या कोबीवर उठल्या होत्या.

"मिस्टर पेन्फोल्डना विचारलंत का?" माळी ग्लेन म्हणाला. त्याला सिरिलची माहिती होती. सिरिल घरातली कुठलीच वस्तू टाकू देत नसे. विकून टाकलेल्या गाड्यांच्या किल्ल्यासुद्धा त्याने एका डब्यात जपून ठेवल्या होत्या.

"त्याला काय विचारायचंय? वर्षानुवर्षं तो शेडमागे फिरकलेला नाही. असं काही बेसिन होतं, हेसुद्धा त्याला आठवायचं नाही. चल, धर त्या बाजूने."

नवऱ्याला काय आठवतं आणि काय नाही, याबद्दल एनिडच्या मनात कधी शंका नसे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईला एवढा अंदाज असतोच, असं तिचं मत होतं.

ग्लेनने आणि त्याच्या मेव्हण्याने ते धूड फाटकाबाहेरच्या गवताच्या पट्टीवर, बसथांब्याला लागून नेऊन ठेवलं. एनिडने त्यावर पुठ्ठा टेकवला : 'फुकट. हवं असेल त्याने खुशाल न्यावं.' हॅझलकोटमध्ये नको झालेली प्रत्येक वस्तू याच वाटेने जाते. खुर्च्या जातात, पाळणे जातात. व्यायामाची एक सायकल तर निम्म्या गावात फिरून पुन्हा पहिल्याच दारात येऊन उभी राहिली होती. पण दगडी बेसिन उचलायची कुणाची छाती होईना. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि पुठ्ठा वाहून गेला. राहिला नुसता दगड.

इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते शनिवारी, कौन्सिलच्या सूचनेने.

हॅझलकोटला तीन बाजूंनी शहराने गिळलं आहे आणि चौथ्या बाजूला हमरस्ता आहे. पण तिथल्या माणसासमोर 'उपनगर' हा शब्द काढून बघा! गावाला तळं आहे, तळ्यात बदकं आहेत, चर्च आहे, क्रिकेटचं मैदान आहे, 'वूलपॅक' नावाचा पब आहे. लाल टेलिफोन बूथसुद्धा आहे. त्यात आता टेलिफोन नसून बंद पडलेलं हृदय चालू करायचं यंत्र आहे, ही गोष्ट वेगळी. गाव म्हणायला आणखी काय लागतं? अभिमान नव्हता तो फक्त बसथांब्याचा. काँक्रीटची गोल शेड, वर भल्यामोठ्या कुत्र्याच्या छत्रीसारखं छप्पर, आणि त्याला वाटाण्याच्या सूपचा रंग. सिरिल गावाच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष. दरवर्षीच्या भाषणात तो या शेडला 'गावाच्या नाकावरचा फोड' म्हणत असे आणि टाळ्या घेत असे.

"ऐकलंस का?" एनिड नाश्त्याला बसता बसता म्हणाली. "इथला थांबा उठवणार आहेत. गवताची पट्टी खणून गाड्या लावायला जागा करणार. बस म्हणे सुपरमार्केटच्या पलीकडच्या चौकात थांबेल. तिथपर्यंत मी चालत जायचं? या गुडघ्याने?"

"हं," सिरिल टोस्टला मार्मालेड लावत म्हणाला.

"हं काय, सिरिल? माझ्या गुरुवारचं काय होणार?"

गुरुवार म्हणजे डोरिस. एनिडची थोरली बहीण शहरातल्या वृद्धाश्रमात होती आणि तिची स्मरणशक्ती हळूहळू तिला सोडून चालली होती. मेलेल्या नवऱ्याचं नाव ती विसरली होती, स्वतःचं वय विसरली होती, पण गुरुवार तिला बरोबर कळत असे. त्या दिवशी ती सकाळपासून हॅट घालून खिडकीशी बसे. एकदा बर्फामुळे एनिडची बस उशिरा पोचली, तर डोरिसने तेवढ्यात आश्रमातल्या सगळ्यांना आपली बहीण वारल्याचं सांगून त्यांचं सांत्वनही स्वीकारून टाकलं होतं. गाडी नव्हती. सिरिलने गेल्या वर्षी गाडी बदकांच्या तळ्यात उभी केली, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचं लायसन्स बंद करायला लावलं.

"हं," सिरिल पुन्हा म्हणाला आणि खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिला. याचं आपल्या बोलण्याकडे लक्षच नाही, असं एनिडच्या मनात आलं आणि तिने त्याच्यापुढची बरणी उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सिरिलची इतिहास-फेरी होती. तो काठी घेऊन पुढे आणि पावसाळी कोट घातलेली मंडळी मागे. चर्च झालं, तळं झालं आणि फेरी पेन्फोल्डांच्या फाटकापाशी आली. एनिड कुंपणाआड गुलाब छाटत होती. सिरिल थांबला. त्याने काठी त्या बेसिनवर टेकवली. एनिडची कात्री हवेतच राहिली.

"आणि हा," सिरिल म्हणाला, "हॅझलकोटचा प्लेगचा दगड."

मंडळी 'ओऽ' म्हणाली.

"प्लेगच्या वर्षी गावाने स्वतःला कोंडून घेतलं. बाहेरचे लोक इथे धान्य ठेवून जायचे. गावकरी या खळग्यात व्हिनेगर ओतून त्यात पैसे टाकायचे, म्हणजे पैशाबरोबर रोग जाऊ नये. गावाची वेस होती ही."

"आणि हे तळाचं भोक कशासाठी?" कौन्सिलच्या गाव-समितीच्या अध्यक्षा मिसेस हॉबडे यांनी विचारलं. या बाईंच्या हातात कायम एका स्पॅनियल कुत्र्याची दोरी असे आणि कुत्र्याचं नाव बिस्किट.

"व्हिनेगर ओतून देण्यासाठी," सिरिल म्हणाला. "जुनं झाल्यावर बदलायला नको?"

एनिडने तोंड उघडलं. पण समोर गावातली सगळी माणसं उभी होती, आणि चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं म्हणजे हॅझलकोटमध्ये कपडे काढून चर्चमध्ये जाण्यासारखंच. घरी सांगू, असं म्हणून तिने तोंड मिटलं आणि एक चांगली फुललेली फांदी छाटून टाकली.

घरी तिने चहा ओतला. "सिरिल, त्या दगडाबद्दल बोलायचंय."

"अप्रतिम आहे ना?" सिरिल म्हणाला. "केक आहे का?"

केक आणायला ती आत गेली. परत आली तर सिरिल मिसेस हॉबडेंशी फोनवर बोलत होता. दगड आहे तोवर ती पट्टी कुणाला खणता येणार नाही आणि थांबाही हलवता येणार नाही, असं मिसेस हॉबडे इतक्या मोठ्याने सांगत होत्या की एनिडला ते दारातूनच ऐकू आलं. ती केकची बशी घेऊन तशीच उभी राहिली. थांबा हलणार नाही! मग तिने बशी ठेवली, केकचा मोठा तुकडा स्वतःला घेतला आणि विषय उद्यावर टाकला.

उद्या मिसेस हॉबडेंनी दगडाभोवती दोरी लावली. परवा शाळेतली मुलं येऊन त्याची चित्रं काढून गेली. लोक खळग्यात नाणी टाकू लागले, त्यांनी भोक बुजून पावसाचं पाणी साचलं आणि एका बदकाने तिथे आंघोळ सुरू केली. 'वूलपॅक'ने 'प्लेग पाय' नावाचा, पिठाच्या पारीत मांस भरलेला पदार्थ काढला, पण तो कुणी मागवेना, तेव्हा त्याचं नाव बदलून पुन्हा 'स्टेक पाय' केलं. रोज एनिड ठरवी की आज सांगायचं, आणि रोज दगड आणखी थोडा जुना झालेला असे.

शिवाय मांजराची भानगड होती. कुंपणाकडच्या बाजूला, त्यांची मुलगी पॅमेला सहा वर्षांची असताना तिने खिळ्याने एक मांजर कोरलं होतं. मोठ्या मिशा आणि डोक्याला रिबीन. याच बेसिनमध्ये डोरिस मावशी तिला आंघोळ घालायची. प्लेगच्या काळातलं मांजर रिबीन लावून हिंडत नसणार, एवढा इतिहास एनिडलाही कळत होता. तिने लॅव्हेंडरचं एक रोप आणलं आणि मांजराच्या पुढ्यात लावून टाकलं. चारसहा दिवसांनी बघते तर तिथे लॅव्हेंडरची दाट रांगच झाली होती. मिसेस हॉबडेंना सुशोभनाचा फार सोस, तेव्हा हे त्यांचंच काम, असं तिने धरलं आणि त्यांचे मनातल्या मनात आभार मानले.

मग ऑटरडीनच्या मिस्टर स्नेलिंगनी वर्तमानपत्रात तोंड उघडलं. ऑटरडीन हे पलीकडचं गाव आणि स्नेलिंग तिथल्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष. काही वर्षांपूर्वी त्यांनी एक रोमन विहीर शोधून काढली होती. ती विहीर नसून सांडपाण्याचं चेंबर आहे, हे सिरिलने जाहीर सभेत सिद्ध केलं होतं. तेव्हापासून स्नेलिंगनी हॅझलकोटमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आता त्यांनी लिहिलं, 'हा दगड न पाहताच मी सांगतो की तो प्लेगचा नाही. जिल्ह्याच्या तज्ज्ञांनी तपासणी करावी. मिस्टर पेन्फोल्ड खोटे ठरले, तर त्यांनी अध्यक्षपद सोडण्याइतका मोठेपणा दाखवावा.'

"छान!" सिरिल वर्तमानपत्र घडी करत म्हणाला. "येऊ दे तज्ज्ञ."

"सिरिल, तू खोटा ठरलास तर?"

"मी कधी ठरलोय?"

हेच तर दुखणं होतं. सिरिल कधीच खोटा ठरला नव्हता. साधी तारीख चुकली तर त्याला झोप लागत नसे. त्याच्याकडे पैसा नव्हता, केस नव्हते, लायसन्स नव्हतं. होता तो एवढा शब्द, आणि तो एनिडच्या बेसिनमध्ये बुडायच्या बेतात होता. एनिडला पहिल्यांदा स्वतःची खरोखर लाज वाटली. गुरुवारच्या बससाठी आपण याचा बळी देतोय, असं तिच्या मनाने घेतलं. पण लगेच तिला खिडकीशी हॅट घालून बसलेली डोरिस दिसली आणि ती पुन्हा गप्प बसली.

तज्ज्ञ आल्या त्या नेमक्या गुरुवारी. डॉ. अडेबायो उंच, हसऱ्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या. त्यांनी दोरीच्या आत पाय टाकला आणि पाऊस सुरू झाला. हॅझलकोटच्या लोकांनी पावसाकडे दुर्लक्ष करून पाहिलं, मग एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत सगळे थांब्याच्या शेडमध्ये शिरले. एनिडही पर्स घेऊन तिथेच होती, कारण बसची वेळ होत आली होती.

"थोडा कमी झाला की बघूच," डॉ. अडेबायो वर बघत म्हणाल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

आणि तेवढ्यात बिस्किटने दोरीला हिसडा दिला. कुत्रं सरळ लॅव्हेंडरमध्ये घुसलं आणि दोन्ही पायांनी माती उकरू लागलं. रोपं उडाली. भिजलेल्या दगडावर ठसठशीत मांजर दिसू लागलं. मिशा, रिबीन, सगळं.

"अगंबाई!" मिसेस हॉबडे म्हणाल्या. "मांजर!"

सगळ्यांनी सिरिलकडे पाहिलं. सिरिलने घसा खाकरला. आता हा मांजरालाही प्लेगच्या वर्षात नेऊन बसवणार, आणि तेही तज्ज्ञ बाईंच्या तोंडावर. तिने डोळे मिटले, गुरुवारवर पाणी सोडलं आणि म्हणाली,

"ते बेसिन आहे. माझ्या स्वयंपाकघरातलं. मी बाहेर टाकलं होतं. सिरिलला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला बिचाऱ्याला काय आठवणार!"

कुणी बुटांकडे बघू लागलं, कुणी बदकांकडे. "चहा कुणाला हवाय?" मिसेस हॉबडे कुजबुजल्या, पण चहा कुठेच नव्हता.

"मला माहीत होतं," सिरिल म्हणाला.

"तू गप्प बस. मला वाचवायला जाऊ नकोस."

"एनिड, त्या बेसिनमध्ये रोज रात्री भांडी कोण घासायचं?"

एनिडने आठवून पाहिलं. "तू घासायचास," ती हळूच म्हणाली. "मी पुसायचे."

"दहा वर्षं घासली. त्याच्यात कमरेत वाकून माझी पाठ गेली. आणि म्हणे आठवणार नाही! रविवारी लांबूनच ओळखलं मी ते. आणि तू लॅव्हेंडरचं एक रोप लावलंस. एका रोपाने एवढं मोठं मांजर झाकतं का? बाकीची मी आणून लावली."

"पण तू? तू खोटं बोललास? सगळ्यांसमोर?"

"मग काय करणार होतो?" सिरिलचा आवाज चढला. हॅझलकोटमध्ये त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. "चौकापर्यंत तुझा गुडघा जाणार होता का? तिकडे डोरिस हॅट घालून बसलेली असते!"

एनिडच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात धरला. हे पाहणं गावकऱ्यांना मांजरापेक्षाही जड गेलं, आणि सगळ्यांनी एकदम पावसाबद्दल बोलायला सुरुवात केली.

"मी राजीनामा देतो," सिरिल डॉ. अडेबायोंना म्हणाला. "तुम्हाला उगाच एका बेसिनसाठी इतक्या लांब यावं लागलं. माफ करा."

"बेसिन?" डॉ. अडेबायोंनी मान खाली केली. ती मघापासून वरच होती. "कुठलं बेसिन? माफ करा हं, माझं लक्ष नव्हतं. ही शेड तुम्ही कुणाला दाखवली नाहीत अजून?"

"ही?"

"अहो, शंभर वर्षं होत आली असतील हिला! हे छप्पर एका दमात ओतलंय, कुठे सांधा नाही. आणि इतकं पातळ! अशी शेड मी फक्त जुन्या फोटोत पाहिली होती. मला वाटलं होतं, सगळ्या पाडल्या. हिला आता कुणी हात लावायचा नाही. मी आजच कळवते. थांबा इथेच, शेड इथेच, आणि बससुद्धा इथेच थांबायला हवी, नाहीतर शेडला अर्थ काय? कुणी जपली हो ही इतकी?"

ती शेड पाडावी म्हणून गावाने कौन्सिलकडे किती अर्ज केले होते, हे सगळ्यांनाच माहीत होतं, आणि त्या अर्जांवर पहिली सही कुणाची असे तेही.

"इतिहास मंडळाचं," सिरिल जड जिभेने म्हणाला, "तिच्याकडे... नेहमीच लक्ष होतं."

त्याच वेळी बस आली. एनिड चढली, खिडकीशी बसली आणि शेड दिसेनाशी होईपर्यंत मागे बघत राहिली.

राजीनाम्याचा विषय कुणी काढला नाही, बेसिनचाही नाही. हॅझलकोटमध्ये जी गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली असते, तिच्याबद्दल बोलायची पद्धत नाही. स्नेलिंगना डॉक्टरबाईंचा निकाल तेवढा कळला : काहीतरी मौल्यवान सापडलं आणि थांबा वाचला. त्यांनी वर्तमानपत्रात लिहिणं बंद केलं. दोरी निघाली, नाणी चर्चला गेली आणि एनिडने बेसिनवर पुन्हा पुठ्ठा टेकवला. या खेपेला मात्र एका सकाळी ते खरंच नाहीसं झालं. कुणी नेलं, कळलं नाही. गोगलगाई गेल्या, कोबी धरला, एनिड सुखावली.

महिना उलटला असेल. ऑटरडीनच्या चर्चच्या आवारात, झुडपात, मिस्टर स्नेलिंगना एक मोठा शोध लागल्याची बातमी आली.

"गुरुवारी जाऊ या बघायला," सिरिल म्हणाला. "तीच बस पुढे ऑटरडीनला जाते. डोरिसलाही घेऊ. तेवढीच तिची हवा बदलेल."

तिघं गेली. डोरिसने हॅट घातली होती. चर्चच्या आवारात लाल दोरीच्या आत एक दगड उपडा ठेवला होता आणि त्याच्या शेजारी मिस्टर स्नेलिंग उभे होते. सिरिलला बघून त्यांनी छाती पुढे काढली.

"सॅक्सन क्रुसाचा पाया," ते म्हणाले. "हजार वर्षांपूर्वीचा तरी असेल. वरचं हे भोक पाहा, क्रूस रोवायला. आणि हे कोरीवकाम! सिंह आहे. मुकुट घातलेला. उलटा कोरलाय, ती त्यांची पद्धतच होती."

एनिड सिंहाकडे बघत राहिली. सिंहाच्या डोक्याला रिबीन होती. तिने भीत भीत नवऱ्याकडे पाहिलं. सांडपाण्याच्या चेंबरची सभा तिला आठवत होती. सिरिलने घसा खाकरला, दगडाभोवती एक फेरी मारली, पुन्हा समोर आला आणि म्हणाला,

"मिशा विशेष चांगल्या उतरल्या आहेत."

"आहेतच मुळी," मिस्टर स्नेलिंग म्हणाले. सिरिलकडून त्यांना याची अपेक्षा नव्हती आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

तेवढ्यात डोरिस दोरीखालून वाकून आत गेली. तिने दगडावरून हात फिरवला. बोट मांजराच्या मिशांवर येऊन थांबलं आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"अगं एनिड, हे तुझं बेसिन!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "यात मी पॅमेलाला आंघोळ घालायची. अंगाला साबण लावला की कशी निसटायची कार्टी! उपडं कशाला घातलंय ग ते?"

आवारातल्या सगळ्या माणसांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. मिस्टर स्नेलिंग हळूच एनिडच्या जवळ सरकले. "बिचाऱ्या," ते आवाज खाली आणून म्हणाले. "फार वाईट वाटतं. नेहमी असंच चालतं का?"

पॅमेलाचं नाव डोरिसच्या तोंडून ऐकून किती काळ लोटला होता! सिरिल रुमाल काढून चष्मा पुसत होता आणि चष्मा काही केल्या स्वच्छ होत नव्हता. एनिडने बहिणीची हॅट सरळ केली.

"नाही हो," ती म्हणाली. "आज तिचा फार चांगला दिवस आहे."